अगाथा ख्रिस्ती: आधी पुस्तक, मग पडदा

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्या कथांवरचे चित्रपट पाहायला घेणार असाल, तर मूळ मजकूर आधी वाचावा आणि शेवट कोणाकडूनही ऐकू नये. कारण या कथा पडद्यावर येताना सर्वाधिक बदलतो तो शेवटच, आणि तो कोणी बदलला हे शोधण्यात खरी मौज आहे.

चरित्रातून एवढेच लक्षात ठेवावे की इंग्लंडमधल्या टॉर्की येथे १८९० साली जन्मलेल्या या बाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले. विषांची जी नेमकी माहिती त्यांच्या लेखनात दिसते, ती तिथली. १९२६ साली त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या, त्यावर वेळ घालवू नये. आत्मचरित्रात त्यांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलेले नाही.

सुरुवात ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ या १९२५ सालच्या लघुकथेने करावी. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर ती एका फेरीत वाचून होते. त्यानंतर बिली वाइल्डर यांचा १९५७ सालचा चित्रपट पाहावा. कथा जिथे संपते, त्यापुढची कलाटणी ख्रिस्तीबाईंनीच १९५३ सालच्या नाटकासाठी रचली होती आणि चित्रपटाने तीच घेतली.

मग ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९). या कादंबरीचा निर्दय शेवट १९४३ सालच्या नाटकात बाईंनी स्वतःच सौम्य केला आणि रेने क्लेअर यांच्या १९४५ सालच्या चित्रपटाने नाटकाचीच वाट धरली; कादंबरीशी प्रामाणिक शेवट हवा असेल, तर बीबीसीची २०१५ सालची मालिका पाहावी. त्यानंतरच आपल्या मुंबईच्या चित्रसृष्टीतला, राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) लावावा. कल्पना तीच, पण गाणी आणि मेहमूद यांचा विनोद यांमुळे भीतीची पकड वारंवार सैल होते. तरीही तो चुकवू नये. मला अधिक भावतो तो बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ (१९७३): ‘दि अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या १९५८ सालच्या नाटकातले धुके त्याने थेट शीर्षकातच घेतले.

ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो याच्यावरच्या, डेव्हिड सुशे अभिनीत मालिकेचे (१९८९–२०१३) सत्तर भाग पावसाळ्यासाठी राखून ठेवावेत. क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेली ‘कर्टन’ ही पॉयरोची अखेरची कादंबरी, आणि तिच्यावरचा भागही, अगदी शेवटीच.