ऑफिस टाइम पावसाळ्यात जगवायचं कसं

ऑफिस टाइम, म्हणजे पोर्चुलाका हे फुलझाड, लावणं अवघड नाहीच. बोटभर लांबीची फांदी तोडा, खालची पानं काढा आणि मातीत खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरते. कुंडी उथळ चालेल. सहा तास थेट ऊन येत नसेल तर मात्र हे झाड लावूच नका. सावलीत नुसत्या फांद्या लांबतात, कळ्या मिटलेल्याच राहतात.

खरी परीक्षा जूनमध्ये. सलग तीन पावसाळे माझ्या कुंड्या गेल्या. चार दिवसांची झड लागली की पानं काचेसारखी पाणीदार दिसू लागायची आणि मातीलगतचा देठ काळा पडून बोट लावताच हातात यायचा. पानं मलूल दिसली म्हणून मी आणखी पाणी घालत होते. हीच चूक तुम्ही करू नका! हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, रेताड कोरड्या जमिनीतलं. पाणी त्याने पानांत आणि देठांत साठवलेलं असतं. मुळांना हवा लागते.

'कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, माती हलकी होते' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पावसात कोकोपीट ओल्या स्पंजासारखं बसून राहतं. मे संपायच्या आत कुंडी बदला: एक भाग माती, एक भाग जाड वाळू, मूठभर जुनं शेणखत, तळाला विटांचे तुकडे. पाणी घातलं की ते लगेच खालून वाहायला हवं. वर डबकं साचलं तर आणखी वाळू मिसळा. मग कुंडी छपराखाली, पण उन्हाच्या बाजूला. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही.

देठ काळा पडलाच तर मुळं वाचवत बसू नका. वरचे निरोगी शेंडे कापा. काप आतून हिरवट-पांढरा हवा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. रात्रभर सावलीत सुकू द्या आणि नुसत्या ओलसर वाळूत लावा. मी तर प्रत्येक रंगाच्या चार फांद्या मे महिन्यातच वेगळ्या डब्यात लावून खिडकीत ठेवते.

ऑक्टोबरात शेंडे खुडा, झाड भरगच्च होतं. बी हवं असेल तर सुकलेली बोंडं राहू द्या. पिकली की डबीसारखं झाकण सुटतं आणि आत खसखशीएवढं बी दिसतं. ते मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती टाकू नका. त्याला रुजायला उजेड लागतो.