आजी तंबाखू खात नाहीत, मिसरी लावतात

ट्रेनिंगला सांगतात, सीबॅकचा फॉर्म, म्हणजे घरोघरी जाऊन कॅन्सर, बीपी, शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांवर जोखायचा फॉर्म, दहा मिनिटांत भरून होतो. होतो की. फक्त त्यातले बरेचसे ‘नाही’ खोटे निघतात. मी बार्शी तालुक्यात आधी आशा होते, आता गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांचं काम बघते. नव्या मुलींना जे सांगते तेच इथं लिहितेय.

माझी चूक आधी सांगते. एका वाडीत साठीच्या पुढच्या आजी. विचारलं, “आजी, तंबाखू खाता का?” “न्हाई गं बाई, कसलं व्यसन न्हाई.” मी ‘कधीच नाही’वर टिक केली. वय साठच्या वर म्हणून 4 गुण, बाकी सगळे शून्य. एकूण 4. चारच्या वर गेलं तर तपासणीला आधी पाठवायचं, म्हणून आजी मागं राहिल्या. निघताना पाहिलं तर त्या चुलीपुढं बसून तव्यावर काहीतरी काळं भाजत होत्या. मिसरी, म्हणजे भाजलेली तंबाखूच! दिवसातून तीनदा लावायच्या, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. रोजच्या वापराचे 2 गुण धरले की झाले 6.

तेव्हापासून मी तंबाखू हा शब्द शेवटी काढते. बायकांना विचारायचं, “दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?” पुरुषांना, “बार कुठल्या गालात धरता?” माणूस आपसूक गालाला बोट लावून दाखवतो. तोंड तपासताना आधी तिथंच बघायचं. पोरांना गुटख्याचं थेट विचारू नका. 2012 पासून राज्यात बंदी आहे, कोण कशाला कबूल करेल? “दिवसाला किती पुड्या?” असं सहज विचारा. मावा वेगळा विचारा, तो पुडीत धरत नाहीत.

तोंड बघायचं ते ओसरीत, उजेडाकडे तोंड करून. आधी चूळ भरायला लावा. स्वतःचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगा; जात नसतील तर तोंड आखडलंय. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, बदललेला आवाज, यातलं काहीही दिसलं तर गुण कितीही असोत, पाठवायचंच. “दुखत न्हाई की” म्हणतील. सुरुवातीला दुखत नाही, हीच तर अडचण.

स्तनातली गाठ, अंगावरून जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, हे प्रश्न सासू किंवा नवरा समोर असताना विचारूच नका. पाणी मागायच्या निमित्तानं आत जा. फॉर्ममधला चुलीच्या धुराचा प्रश्नही तिथंच सुटतो: “गॅस आहे” म्हणतात, पण आंघोळीचं पाणी सरपणावरच तापत असतं.

घरातले जुने रुग्ण विचारताना ‘कॅन्सर’ म्हटलं की दार बंद. “कुणाला बार्शीला किंवा मुंबईला शेक द्यायला नेलं होतं का?” असं विचारलं की सगळं बाहेर येतं; शेक म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. आपल्या भागाला हे काम नवीन नाही. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीतच सुरू झाली, आणि माणसं दवाखान्यात येत नव्हती म्हणून नोंदणीवालेच गावोगाव फिरले. नोंद करताना मृत्यूचं साल आणि आजार कळल्याचं साल वेगवेगळं लिहा. उपचारापुरती माहेरी आलेली लेक आपल्या गावच्या आकड्यात धरू नका, नाहीतर तीच बाई सासरच्या यादीतही सापडते.

गावातल्या कॅन्सर रुग्णांची यादी झाली की पारावर चर्चा सुरू होते, “आपल्या पाण्यातच काहीतरी आहे.” 2022 साली देशात अंदाजे 14.6 लाख नवे रुग्ण, म्हणजे लाखामागं साधारण शंभर. दोन हजारांच्या गावात वर्षाला दोन. एखाद्या वर्षी चार निघतील, एखाद्या वर्षी एकही नाही. एका वर्षावरून बोअरला दोष देऊ नका. मात्र एकाच प्रकारचे रुग्ण वर्षानुवर्षं जास्त दिसत असतील तर यादी घेऊन थेट मेडिकल ऑफिसरांकडे जा, पारावर नको.

चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. गर्भाशयमुखाच्या तपासणीची बायकांना सगळ्यात धास्ती. 30 ते 65 वयात पाच वर्षांतून एकदा करायची असते. कापाकापी नाही, व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का बघतात, एवढंच सांगा. आणि तारीख देण्याआधी पाळीची तारीख विचारा. मी एकदा विसरले. पाच जणींना एसटीनं घेऊन गेले, त्यातल्या दोघी तपासणीविनाच परत आल्या, आणि पुढच्या वेळी त्यांना घराबाहेर काढायला मला तीन महिने लागले.