फिंग्स्टनच्या सुट्टीत बाल्टिकच्या किनाऱ्यावर जाताय? या चुका टाळा

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या पोरांची पहिली समुद्राची ट्रिप बहुतेक वेळा फिंग्स्टनला ठरते. ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणारा हा पेंटेकॉस्टचा सण, आणि त्याला लागून सोमवारची सार्वजनिक सुट्टी. 2026 मध्ये 24-25 मे, 2027 मध्ये 16-17 मे. बर्लिनहून वार्नेम्युंडे, म्हणजे रोस्टॉक शहराला लागूनचा समुद्रकिनारा, जेमतेम तीन-साडेतीन तासांवर, प्रवास डॉइचलँड-तिकिटावर, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासवर, त्यामुळे बजेट कागदावर अगदी चोख बसतं. मग सण आडवा येतो. दुकानं बंद, खोल्या महाग आणि अर्धं बर्लिन त्याच गाडीत.

गाडीची गणितं

डॉइचलँड-तिकीट फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं: आरई, आरबी, एस-बान, शिवाय शहरातल्या बस आणि ट्राम. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. प्रवासाचं अ‍ॅप मात्र सगळ्यात आधी वेगवान गाडीच दाखवतं, आणि घाईत कोणीतरी तिच्यात चढतो. विनातिकीट पकडलं तर दंड 60 युरोंपासून सुरू होतो. फक्त प्रादेशिक गाड्या दाखवायचा पर्याय घरीच निवडून ठेवा.

दुसरी गफलत तिकीट विकत घेतानाच होते. बऱ्याच विद्यापीठांच्या सेमिस्टर फीमध्ये हे तिकीट सवलतीत आधीच धरलेलं असतं. फीची पावती न वाचता पोरं वेगळी वर्गणी सुरू करतात. जानेवारी 2026 पासून तिचे महिन्याला 63 युरो पडतात. एकाच महिन्यापुरतं घेतलं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही खात्यातून जातील. ज्यांच्याकडे हे तिकीट नाही त्यांनी मिळून पाच जणांपर्यंतचं एका दिवसाचं ग्रुप तिकीट काढावं. बर्लिनहून निघणाऱ्यांसाठी देशभर चालणारं क्वेअर-डुर्खस-लांट, हॅम्बुर्गहून ल्युबेक-ट्राव्हेम्युंडेला जाणाऱ्यांसाठी श्लेस्विग-होल्श्टाइन तिकीट. एरवी ही तिकिटं सकाळी नऊनंतर लागू होतात, शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी मध्यरात्रीपासून. पाच जणांत वाटलं की माणशी खर्च किरकोळ होतो.

तिकीट मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. प्रादेशिक गाडीत आरक्षण नसतं. 2022 च्या उन्हाळ्यात नऊ युरोंचं महिनाभराचं तिकीट निघालं, तेव्हा पहिली मोठी गर्दी उसळली ती फिंग्स्टनलाच, आणि तीही समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांना. शनिवारी सकाळी जायचं आणि सोमवारी दुपारी परतायचं, हा बेत तुमच्यासारख्या हजारोंचा असतो. माझं मत विचाराल तर रविवारी पहाटे निघा आणि त्याच रात्री किंवा सोमवारी सकाळी लवकर परत या. बर्लिनच्या मुख्य स्थानकावर रोस्टॉकच्या आरई-5 गाडीसाठी धक्काबुक्की करण्यापेक्षा त्याआधीच्या स्युडक्रॉइत्स स्थानकावर चढा, बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. गाडीवरची पाटी मात्र नीट वाचा, कारण याच मार्गावरच्या काही गाड्या रोस्टॉकला न जाता श्ट्राल्झुंडकडे जातात. तसं झालंच तर घाबरू नका, नॉयश्ट्रेलिट्सला उतरून रोस्टॉकची गाडी धरा. सुट्टीच्या दिवसांत रुळांची कामंही काढलेली असतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा एकदा पाहाच. रोस्टॉकहून वार्नेम्युंडेला एस-बानने वीसेक मिनिटं लागतात.

खायचं काय?

रविवार आणि सोमवार, लागोपाठ दोन दिवस सुपरमार्केट बंद. किनाऱ्यावरच्या गावांत हंगामात काही दुकानं रविवारी थोडा वेळ उघडतात, मोठ्या स्थानकांतली बहुतेक उघडी असतात, पण पाच जणांचं जेवण त्यांच्या भरवशावर सोडू नका. खरेदी शुक्रवारीच उरकलेली बरी, कारण शनिवारी संध्याकाळी ब्रेडच्या फळ्या रिकाम्या दिसतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी एवढ्यावर दिवस निभावतो. भेळेचा बेत मात्र रद्द करा. बाल्टिकच्या वाऱ्यात कुरमुरे आधी उडतात आणि चिंचेच्या चटणीला चिकटते ती वाळू.

एक दिवस माशाचा पाव, म्हणजे फिशब्र्योटशेन, जरूर खा. पण वार्नेम्युंडेत जुन्या कालव्याच्या काठाने चालत खाऊ नका. तिथले सीगल मागून येतात आणि हातातला मासा अलगद उचलतात, पाव तेवढा तुमच्याकडे राहतो. भिंतीला पाठ लावून उभं राहून खाल्लं तर बरं. अशा टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही. शौचालयासाठीही नाणी लागतात. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या टाकू नका, प्रत्येकीवर 25 सेंट अनामत असते.

कोकणातल्या सवयीने पाण्यात उतरणं

गुहागर किंवा तारकर्लीला आपण कपड्यांसकट कोमट लाटांत शिरतो. मेअखेरीस इथल्या पाण्याचं तापमान साधारण 10 ते 14 अंश सेल्सियस असतं. ऊन बघून धावत उडी मारली तर श्वासच अडकतो. हळूहळू उतरा, पोहता येत नसेल तर गुडघ्यापर्यंतच, आणि लाल-पिवळा बावटा असलेल्या पट्ट्यातच, म्हणजे जिथे जीवरक्षक हजर असतात तिथे. नुसता लाल बावटा लागला की पाण्यात जायचं नाही. उतरण्याआधी कोरडे कपडे आणि विंडचीटर हाताशी ठेवा. एकट्या जीन्सवर आलेला मित्र दरवर्षी एखादा असतोच, आणि मग सगळ्या ग्रुपचा दिवस त्याला गरम ठेवण्यात जातो.

वाऱ्यावर खरा उपाय म्हणजे श्ट्रांडकोर्ब, छत असलेली वेताची दोन माणसांची खुर्ची. 1882 मध्ये रोस्टॉकच्या व्हिल्हेल्म बार्टेलमान या बुरुडाने संधिवाताचा त्रास असलेल्या एका बाईंसाठी ती पहिल्यांदा विणली. ती दिवसाच्या भाड्याने मिळते. पाच जणांत एकच घेऊन आळीपाळीने बसलं तरी पुरते.

किनाऱ्यावर एफकेके अशी पाटी दिसली तर पुढचा पट्टा कपडे न घालता पोहणाऱ्यांचा आहे. जायला बंदी नाही, पण तिथे मोबाइल खिशातच राहू द्या. ग्रुपमध्ये एखाद्याला गंमत सुचतेच, त्याला आधीच सांगून ठेवा. वाळूच्या टेकड्यांवर चढू नका, शेकोटी पेटवू नका. किनाऱ्याचं संरक्षण त्या टेकड्यांवर अवलंबून असतं आणि त्यासाठी दंड होतो.

मुक्काम आणि सरहद्द

हॉस्टेल मिळालं नाही तर वाळूतच झोपू, ही कल्पना सोडून द्या. किनाऱ्यावर तंबू ठोकायला परवानगी नसते आणि रात्री गारठा पडतो. वार्नेम्युंडेऐवजी रोस्टॉक शहरात खोली शोधा. युथ हॉस्टेल घेणार असाल तर त्याला सभासदत्व लागतं, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. सणाच्या आठवड्यात बरेच घरमालक किमान दोन-तीन रात्रींचं भाडं मागतात, म्हणून खोली मिळत नसेल तर मुक्कामच टाळून एका दिवसात परत येणं परवडतं. बऱ्याच गावांत पाहुण्यांकडून कुरटाक्स नावाचा छोटा करही घेतात. तो खोलीच्या भाड्यात धरलाय का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

उझेडोम बेटावर गेलात तर चालता चालता पोलंडमधल्या श्विनोउइश्च्येत पोचता. तिकडे खाणंपिणं स्वस्त, म्हणून पोरं सहज जातात. पण सरहद्दीवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही मूळ प्रतीच बरोबर हव्यात, मोबाइलमधला फोटो चालत नाही. व्हिसा संपून कार्ड अजून हातात आलं नसेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, नाहीतर सरहद्दीच्या अलीकडच्या, जर्मनीतल्या आहलबेकच्या किनाऱ्यावरच थांबा. समुद्र तोच आहे.