गोल्फ शूज घेताना या चुका टाळा

18 होलचा पूर्ण डाव चालत खेळला की 8 ते 10 किलोमीटर सहज होतात, शिवाय प्रत्येक फटक्याला अंगाचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो. दुकानात चार पावलं टाकून यातलं काहीच कळत नाही. तरी बहुतेक जण तेवढ्यावरच पैसे मोजतात.

सर्वांत त्रास देते ती मापाची चूक. दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी घालून बघा, तेही खेळतानाचेच मोजे घालून. उभं राहिल्यावर बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र उचलली जाता कामा नये. चवडा आवळत असेल तर एक नंबर मोठा घेऊ नका. त्यानं लांबी वाढते, टाच घासते आणि फोड येतात. त्याच नंबरात रुंद माप मागा. ‘वापरून सैल होतील’ हे चामड्याच्या बाबतीत थोडंफार खरं. सिंथेटिक फारसं सैलावत नाही.

मग तिथेच स्टान्स घेऊन, म्हणजे फटका मारताना उभे राहता तसे उभे राहून, हातात क्लब नसला तरी, पूर्ण स्विंग करा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा पाय शेवटी बाहेरच्या कडेवर तोलला जातो. त्या क्षणी पाऊल बुटातल्या बुटात सरकलं तर तो जोड परत ठेवा, कितीही मऊ वाटला तरी. रनिंग शूज कमी पडतात ते इथेच. ते सरळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात.

ओलं गवत आणि चढउतार असतील तर स्पाइकवाले, म्हणजे तळाला दाते बसवलेले बूट घ्या; कोरड्या मैदानावर स्पाइकलेस, म्हणजे तळातच उंचवटे असलेले, पुरतात. स्पाइकलेसचे उंचवटे झिजले की बूटच बदलावा लागतो, हे घेतानाच लक्षात असू द्या. प्लॅस्टिकचे स्पाइक बदलता येतात, पण बसवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. नवे आणायला जाताना जुना स्पाइक काढून सोबत न्या. पार्किंगच्या डांबरावरून ते घालून चालू नका, तिथे ते लवकर झिजतात.

भिजलेले बूट हीटरजवळ किंवा तापलेल्या गाडीत वाळवले की चामडं तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत ठेवा. आणि वर्षानुवर्षं खोक्यात जपलेला जोड नवाच असतो असं समजू नका: पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या ओलाव्यानं न वापरताही कुजतो. खेळायला निघण्याआधी तळ वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो जोड बाद.