सामायिक लिनक्स सर्व्हरवरची सॉफ्टवेअरची सरमिसळ अशी सोडवली

सगळं सॉफ्टवेअर यूएसआर-लोकल (/usr/local) या फोल्डरमध्ये एकत्र पडलेलं. जुनी आवृत्ती काढायची तर कोणती फाइल कुणाची तेच कळेना. आता ऑप्ट (/opt) या फोल्डरमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरचा फोल्डर, आत आवृत्तीनिहाय उपफोल्डर आणि चालू आवृत्तीकडे नेणारी 'करंट' ही सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक. कंपाइल करताना (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवताना) प्रीफिक्स, म्हणजे सॉफ्टवेअर कुठे बसवायचं तो पाथ, आवृत्तीच्या फोल्डरचाच द्या, करंटचा नको. हा पाथ बऱ्याचदा बायनरीत (तयार प्रोग्राम-फाइलमध्ये) कोरला जातो, त्यामुळे नंतर फोल्डर हलवला की प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी सापडेनाशा होऊ शकतात.

लिंक बदलताना 'एलएन' (ln) या लिंक बनवणाऱ्या कमांडला एस आणि एफसोबत एन हा पर्याय हवाच (ln -sfn). नाहीतर नवी लिंक जुन्या फोल्डरच्या आत जाऊन बसते, आणि एररही येत नाही! मालकी रूटकडे (सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याकडे), फोल्डरला परवानगी ७५५, म्हणजे बदल फक्त मालकाला, बाकीच्यांना वाचणं आणि आत जाणं एवढंच. जुनी आवृत्ती उडवण्याआधी कुणाचा प्रोग्राम त्यातून चालू नाही ना, हे 'एलसॉफ' (lsof) या उघड्या फाइल दाखवणाऱ्या कमांडने बघून घ्या.