चालत्या डब्यातला हीटर आणि हरवलेले ३६० वॉट

कोल्हापुरात एमएस्सी फिजिक्सला नवीन येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. रिलेटिव्हिटीत (सापेक्षतावादात) चालतं घड्याळ हळू पडतं, पट्टी आखूड होते एवढं बीएस्सीला सगळ्यांचं झालेलं असतं, पण एनर्जी, पॉवर, व्होल्टेज हे एका फ्रेममधनं दुसऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे एका बघणाऱ्याच्या हिशोबातनं त्याच्या मानानं चालत असलेल्या दुसऱ्याच्या हिशोबात न्यायचं म्हटलं की अडतं, मी तर पहिल्या सेमिस्टरला दोन आठवडे एकाच गणितावर अडकलो होतो आणि त्या दोन आठवड्यांनीच मला हा विषय आवडायला लागला.

तेव्हा मी जयसिंगपूरवरनं पॅसेंजरनं ये-जा करायचो, म्हणून उदाहरण रेल्वेचंच. डब्यात २०० व्होल्टची बॅटरी, तिच्यावर हीटरची एक तार, गाडी जाते त्याच दिशेनं सरळ ताणलेली, करंट ५ अँपिअर, म्हणजे १००० वॉट. गाडी प्रकाशाच्या ०.६ पट वेगानं चाललीय असं धरा, गॅमा, म्हणजे घड्याळ ज्या पटीत हळू पडतं आणि पट्टी ज्या पटीत आखूड होते तो आकडा, १.२५ येतो. हातकणंगल्याच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाच्या हिशोबानं हा हीटर किती वॉटचा?

मी १२५० लिहिलं होतं, कारण एनर्जी गॅमानं वाढते. वाढते हे खरंय, डब्यातल्या १०० सेकंदात १ लाख ज्यूल उष्णता झाली तर प्लॅटफॉर्मवाला १ लाख २५ हजार ज्यूल मोजतो, पण त्याच्या घड्याळात तेवढ्यात १२५ सेकंद झालेले असतात. भागाकार परत १०००. पॉवर तीच राहिली.

खरी मजा पुढं आहे. म्हटलं व्होल्ट आणि अँपिअरनं ताळा करून बघू. तारेच्या दिशेतलं इलेक्ट्रिक फील्ड बदलत नाही, तार मात्र आखूड होते, म्हणून व्होल्टेज १६०. तारेवर एक खूण केली तर तिच्यापुढनं जाणारा चार्ज तेवढाच, वेळ जास्त, म्हणून करंट ४ अँपिअर. १६० गुणिले ४ म्हणजे ६४०! उरलेले ३६० वॉट गेले कुठं?

रात्री जेवण झाल्यावर रंकाळ्याला चकरा मारत आम्ही दोघं-तिघं यावरच बोलायचो. उत्तर असं की डब्यात न्यूट्रल असलेली ती करंटवाली तार प्लॅटफॉर्मवरनं न्यूट्रल राहतच नाही, तिच्यावर चार्ज दिसतो. तो चार्ज तारेबरोबर पुढं सरकतोय, त्याचाही करंट धरला की प्लॅटफॉर्मवरच्या एका जागेतनं जाणारा एकूण करंट ६.२५ अँपिअर होतो, आणि १६० गुणिले ६.२५ बरोबर १०००. म्हणजे ३६० वॉट हे त्या चार्जवर बसणारं बल गुणिले गाडीचा वेग. मग बल लागतंय तर तारेचा वेग का वाढत नाही? कारण तार तापतेय, तापली की तिचं वस्तुमान वाढतं, त्याच वेगानं चालत राहायला तिला जादा मोमेंटम (संवेग) लागतो आणि ते बल तोच पुरवतं. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून नव्यांना माझं सांगणं एकच, एनर्जी एकटी ट्रान्सफॉर्म करू नका, शेजारी मोमेंटम लिहा आणि वेळ कुणाच्या घड्याळाचा ते लिहा. हीटरचं १००० तसंच राहिलं कारण डब्याच्या फ्रेममध्ये तारेला मिळणारा मोमेंटम शून्य होता. वेग बदलणाऱ्या चार्जमधनं किती पॉवर रेडिएशन होऊन बाहेर पडते याचं लार्मरचं १८९७ चं सूत्र वेगानं पळणाऱ्या चार्जपर्यंत नेतानाही हाच मुद्दा कामाला येतो. पण हीटरऐवजी १००० वॉटचा झोत सरळ पुढं मारला तर प्रकाश मोमेंटम घेऊन जातो, मग प्लॅटफॉर्मच्या हिशोबानं बाहेर पडणारी पॉवर १६०० वॉट, आणि गाडीच्या वाटेवर समोर उभ्या डिटेक्टरवर येऊन पडणारी ४०००, कारण पोचण्याचा वेळही आकसतो. बाहेर पडणारी आणि पोचणारी पॉवर यात लई जणांची गल्लत होते, परीक्षेतसुद्धा.

टेन्सरची भाषा, म्हणजे हे सगळं एकत्र मांडायचं गणित, नंतर येईलच, आधी असे आकडे कागदावर स्वतः काढा, ०.६ वेग घेतला की हिशोब स्वच्छ येतो. आता तीच तार गाडीच्या दिशेला आडवी ठेवून करून बघा. तार आखूड होणार नाही, फील्ड वाढेल, तारेची जाडी एका बाजूनं आकसेल. २५० व्होल्ट आणि ४ अँपिअर यायला पाहिजेत. यावेळी करंटमुळं तारेवर तो जादा चार्ज दिसणार नाही, मोमेंटम पुरवणारं बल चुंबकीय फील्डकडनं येईल, ते किती येतं तेवढं तुम्ही काढा.