सीलंट वाळत नाही? दुसरा थर मारण्याआधीची तयारी

डिकीत पाणी येतं म्हणून टेल लॅम्पच्या मागच्या जोडावर सीलंट मारला. तीन दिवस झाले, तरी बोट लावलं की गुळाच्या पाकासारखी तार निघते. अशा वेळी हात आपसूक पुन्हा त्याच ट्यूबकडे जातो. अजून एक थर मारू, मग धरेल. तो थर मारू नका. खालचा ओला माल आत कोंडला जातो आणि काढायची वेळ आली की काम दुप्पट होतं. मी हा उद्योग करून बसलोय. डिकीतलं कार्पेट त्या चिकट्याला असं बसलं की शेवटी कात्रीने कापून सोडवावं लागलं.

म्हणून तयारीची सुरुवात ट्यूब हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचण्यापासून करा. माल ब्युटिल असेल तर प्रश्नच मिटला. तो मुळात घट्ट होण्यासाठी नसतोच. दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याला चिकटवलेली काळी, लिबलिबीत दोरी बघितली असेल, ती बहुधा हीच. पॉलियुरेथेन, सिलिकॉन किंवा एमएस पॉलिमर असेल तर मात्र तो घट्ट व्हायलाच हवा. एकाच नळीतून येणारी ही तिन्ही मंडळी हवेतला ओलावा खाऊन घट्ट होतात, आणि गोंधळ इथेच होतो. ‘वाळणे’ म्हटलं की आपल्याला उन्हातले कपडे आठवतात आणि आपण हीट गन काढतो. तिने वरचा पापुद्रा लवकर धरतो, आत फोड येतात आणि गाभा तसाच राहतो. ऊब हवी, पण हवेत दमटपणाही हवा. बऱ्याच पॉलियुरेथेनचा वेग 24 तासांत 2 ते 4 मिलिमीटर, तोही साधारण 20 ते 25 अंशांना. गारठ्यात हाच वेग रांगायला लागतो. दोन पत्र्यांच्या बेचक्यात बोटाएवढा जाड गोळा दाबला असेल तर आतपर्यंत ओलावा पोचायला आठवडाही लागू शकतो. ब्लेडने एक काप देऊन बघा. वर घट्ट साल आणि आत लोणी असेल तर माल ठीक आहे, घाई तुमची आहे.

त्यानंतर मुदत बघा. मुदत संपलेलं सिलिकॉन कित्येकदा कधीच धरत नाही, मळलेल्या कणकेसारखं राहतं. पॉलियुरेथेनचं बहुतेक उलटं होतं, ते नळीतच दगड होतं.

आता या सगळ्या तयारीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट: काचेचा एक तुकडा. त्याच नळीतून 3 मिलिमीटर जाडीची रेघ काचेवर ओढा आणि काच गाडीशेजारीच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी रेघ रबरासारखी सुटून आली तर ट्यूब निर्दोष, दोष जागेत. काचेवरही चिकट राहिली तर ट्यूब टाकून द्या, तिच्यावर जीव लावू नका.

माझ्या बाबतीत काचेवरची रेघ मस्त धरली होती, जोडावरची मात्र पाक. शोधता शोधता कळलं की गुन्हेगार मीच. सफाईच्या उत्साहात खाचेत स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलच, ओतलं होतं आणि ते उडायच्या आत सीलंट भरला होता. पॉलियुरेथेनमधला जो घटक पाण्याशी संयोग पावून घट्ट होतो, तोच अल्कोहोलशीही संयोग पावतो, आणि मग साखळी अर्धवट तुटते ती कायमची. असा माल महिनाभर थांबूनही सुधारत नाही. जुनं सिलिकॉन, मेणाचं पॉलिश किंवा तेलाचा हात असेल तर तक्रार जराशी वेगळी असते: माल घट्ट होतो, पण पत्र्याला न धरता पट्टीसारखा उचलून येतो. दोन नळ्यांचा, मिसळून लावायचा प्रकार वापरला असेल तर कुठे दगड, कुठे चिखल अशी ठिगळं दिसतील. त्याचा अर्थ मिश्रण नीट झालं नाही. पुढच्या वेळी नोझल लावण्याआधी दोन्ही बाजूंनी माल सारखा येतोय हे बघा आणि नोझलमधून येणारा पहिला थोडा भाग कागदावर काढून फेका.

काचेला एक दिवस द्यायचाच आहे, तर त्या वेळात गळती नक्की कुठून होते ते शोधा. पाणी दिसतं तिथूनच ते शिरलेलं असेल असं नाही. छपराच्या पन्हळीतून आत आलेलं पाणी पत्र्याच्या कडेने वाहत स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि आळ टेल लॅम्पवर येतो. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हलक्या धारेने पाणी सोडावं. खालून सुरुवात करत वर जावं, एकेका जागेला दोन-तीन मिनिटं द्यावीत. आतल्या पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळाची वाट स्पष्ट उमटते. दाराच्या तळाची भोकं, काचेखालच्या जाळीतून पाणी काढून देणारी वाट आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या असतील तर मोकळ्या करा. सीलंटने बुजवायच्या मुळीच नाहीत. पुढची काच गळत असेल तर हे काम घरी करू नका. ती काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते आणि कित्येक गाड्यांत एअरबॅग तिच्याच आधाराने फुगते.

सामान फार नाही. प्लास्टिकची खरवडणी, बांबूच्या दोन-तीन कामट्या, धागे न सुटणाऱ्या चिंध्यांचा ढीग, टर्पेंटाइन, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, इपॉक्सी प्रायमर, मास्किंग टेप, सीलंटची गन आणि नायट्राइलचे हातमोजे, तेही दोन-चार जोड, कारण पहिला पाच मिनिटांत बरबटतो. पॉलियुरेथेन हाताळताना दारं उघडी ठेवा. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

काढताना क्रम पाळा. आधी कोरडंच खरवडून जितकं निघेल तितकं काढायचं, मग चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन उरलेलं पुसायचं. उलट केलंत तर पातळ काळा राडा सगळ्या डिकीभर पसरतो आणि शिवणीच्या आत शिरतो. थिनर रंग उचलतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. टर्पेंटाइनसुद्धा आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. शेवटी त्याचा तेलकटपणा ट्यूबवाल्या कंपनीने सांगितलेल्या क्लीनरने पुसा, आणि तो पूर्ण उडू द्या. मी तरी आता तासभर थांबतो.

रंगाखाली फुगवटा दिसला तर स्क्रूड्रायव्हरने टोचा. आत गेला, तर काम वेल्डिंगचं आहे. वरवरचा गंज असेल तर चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, प्रायमर मारा, तो पूर्ण वाळू द्या, मगच सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर नकोच, त्यातलं आम्ल गंजाला आमंत्रण देतं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही.

लावताना दोन्ही बाजूंना टेप, नोझल तिरपं कापलेलं, आणि एका दमात 5-6 मिलिमीटरची रेघ. पापुद्रा धरायच्या आत हातमोजा घातलेल्या बोटाने दाबून टेप ओढून काढा. मग गाडीची एक काच थोडी खाली ठेवा. सगळ्या काचा बंद असताना डिकी धाडकन लावली तर आतली हवा दाबून ताजी रेघ बाहेर फुंकते.

पाण्याची परीक्षा किमान दोन दिवसांनी, रेघ जाड असेल तर आणखी उशिरा. त्याच्या आदल्या रात्री स्टेपनीच्या खड्ड्यात, लॅम्पच्या मागे आणि पन्हळीच्या खालच्या कोपऱ्यात कोरडे टिश्यू पेपर पसरून ठेवा. सकाळी नळी सोडून झाली की आधी कोणता भिजलाय ते बघायचं, आणि तोवर कार्पेट बाहेर दोरीवरच राहू द्यायचं.